चिमट्यांचा खेळ

लेक चार वर्षांची झाली तरी पेन्सिल मुठीत धरायची, म्हणून मी उगाच टेन्शन घेऊन तिला रोज रेघोट्या गिरवायला बसवायचे आणि रोज रडारड. मग एकदा मी कपडे वाळत घालत होते तेव्हा तिने एक चिमटा उचलला, जीभ बाहेर काढून दोन्ही हातांनी दाबून बघितला आणि वाटीच्या काठावर लावला. मग दुसरा, तिसरा... सात चिमटे लागेपर्यंत बाई जागची हललीच नाही!! चिमटा दाबायला अंगठा आणि शेजारची दोन बोटं लागतात, पेन्सिलही त्यांनीच धरायची असते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तशीही ती तीन बोटांची पकड साधारण ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान पक्की होते, म्हणजे माझी घाई फुकटचीच.

आता आम्ही मणी ओवतो, कागद फाडून चिकटवतो, स्टॅच्यू खेळतो (त्यात मीच आधी हलते). फक्त घरात ३ वर्षांखालचं पिल्लू असेल तर मणी-बटणं नकोतच, सरळ तोंडात जातात, घशात अडकतात. आणि मध्येच "वा, छान" करायला जाऊ नका, तिची लिंक तुटते, चिमटा खाली आणि खेळ खलास.