सहीत एकच शब्द

खराडीतल्या आमच्या ऑफिसात दुपारची शिफ्ट म्हणजे लंडनची सकाळ. काम केवायसीचं: एका ब्रिटिश बँकेच्या जुन्या खातेदारांच्या फायली ठरावीक वर्षांनी पुन्हा तपासायच्या. 2022च्या पावसाळ्यात माझ्या रांगेत शेतीमालाची एक कंपनी आली. चार संचालक, साधी नावं, स्क्रीनिंगमध्ये काही नाही. तासाभराचं काम.

अडलं सहीपाशी. ठरावाखाली एका संचालकाची सही एकाच शब्दाची, आणि तो शब्द त्याच्या नावात कुठेच नव्हता. आडनावातही नाही. ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून मी केस परत पाठवणारच होते. पण शब्द गावाच्या नावासारखा वाटला, आणि आमच्या घरातला जुना महजर, म्हणजे निवाड्याचा कागद, आठवला. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची निशाणी आहे. सही माणसाची कमी, वतनाची जास्त. शोधलं तर तसंच निघालं. तिकडचे उमराव सही करताना नुसता किताब लिहितात. याने तरुणपणी घराण्याच्या आडनावाने खातं उघडलं, पुढे वडील गेले, किताब आला. बँकेच्या नोंदीत तो कुणी चढवलाच नाही.

शेजारचा म्हणाला, “लॉर्ड आहे ना? पेप लाव आणि मोकळी हो.”

पेप म्हणजे राजकीय पदावरची व्यक्ती. तो शिक्का बसला की संपत्तीचा उगम तपासा, वरिष्ठांची मंजुरी आणा. पण नुसता किताब म्हणजे पद नव्हे. 1999च्या कायद्याने सहाशेहून जास्त वंशपरंपरागत उमराव ब्रिटिश संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाबाहेर गेले, उरले 92. त्यांतली जागा रिकामी झाली की तेव्हा पोटनिवडणूक व्हायची. 2016मध्ये लिबरल डेमोक्रॅटांच्या एका जागेला 7 उमेदवार होते आणि मतदार 3. तिन्ही मतं व्हायकाउंट थर्सो यांना! आमच्या सोसायटीच्या कमिटीला याहून जास्त चुरस असते.

सभागृहाच्या यादीत किताब टाकला आणि आमचा माणूस सापडला. म्हणजे पेप होताच. त्याच्याच नावाखाली हितसंबंधांची नोंदवही: संचालकपदं, शेअर, जमीन, भाड्याची घरं. या सभासदांना बहुधा पगार नसतो, हजेरीचा भत्ता असतो, त्यामुळे बाहेर धंदा करण्याला हरकत नाही. मात्र तो नोंदवायचा, त्या विषयावर बोलताना सांगायचा, आणि पैसे घेऊन कुणाची वकिली करायची नाही. खरं सांगते, मी काहीतरी लपवलेलं सापडेल म्हणून शोधत होते. त्याने सगळं उघड लिहिलं होतं. दोन कंपन्या गायब होत्या त्या आमच्याच फाइलमधून.

रिलेशनशिप मॅनेजरचं उत्तर आलं: ओळखीचे गृहस्थ आहेत, आजवर कुणी विचारलं नव्हतं. म्हणूनच तर नोंद नव्हती!

फॉर्म गेला, आठवड्याने परत आला. ‘संपत्तीचा उगम’ या रकान्यात एकच शब्द: वारसा.

“कुणाचा?” टीम लीडरने विचारलं.

“वडिलांचा. मृत्युपत्राचे कागद जोडलेत.”

“आणि वडिलांकडे कुठून आली?”

खाली कॅब येऊन उभी होती. मी पुढच्या ओळीत पुन्हा लिहिलं: वारसा.