एका स्वल्पविरामाची अँजिओप्लास्टी

हॉस्पिटलच्या इन्शुरन्स डेस्कवर बसलं की निम्मा दिवस इंग्रजी वाचण्यात जातो. डॉक्टरांचं अक्षर एक वेळ लागतं, व्याकरण लागत नाही.

त्या दिवशी अँजिओप्लास्टीच्या एका पेशंटचं कॅशलेस नाकारलं गेलं. पॉलिसी सव्वा वर्षाची. कारण दिलेलं : रक्तदाब दोन वर्षांपासून, म्हणजे पॉलिसीच्या आधीचा. आधीच्या आजारासाठी थांबण्याची कमाल मुदत आयआरडीएआयने, म्हणजे विमा नियामकाने, २०२४ मध्ये चारवरून तीन वर्षांवर आणली खरी, पण सव्वा वर्षात तीही पुरी होत नाही. मुलगा म्हणाला, “साहेब, बाबांना बीपीचा त्रास कधीच नव्हता हो!” असं सगळेच म्हणतात. मी केस पेपर काढला.

आरएमओने, म्हणजे निवासी डॉक्टरांनी, लिहिलं होतं : ‘नो डायबेटिस, हायपरटेन्शन सिन्स टू इयर्स.’

त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “स्पष्टच आहे की. दोन वर्षांत शुगर नाही, बीपी नाही.” त्यांच्या लेखी ‘नो’ दोन्ही आजारांना लागू होता. कंपनीच्या माणसाने तो स्वल्पविरामाशीच थांबवला : मधुमेह नाही, रक्तदाब मात्र दोन वर्षं आहे. खरं सांगायचं तर मीही तसंच वाचलं असतं. नकार दोन्ही गोष्टींना हवा असेल तर मधे ‘ऑर’ लागतो. आणि ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण हवा, सिन्स २०२२, कालावधीला ‘फॉर’. मराठीत दोन्हीकडे ‘पासून’ चालतं, म्हणून आपला हात तिथे हमखास घसरतो. शिवाय जो आजारच नाही त्याला मुदत कशाला जोडायची?

अमेरिकेतल्या मेन राज्यात ओव्हरटाइमच्या कायद्यातला एक स्वल्पविराम गाळला गेला होता. २०१७ मध्ये अपील कोर्टाने त्यावरून दूध पोचवणाऱ्या ड्रायव्हरांच्या बाजूने कौल दिला आणि पुढच्या वर्षी डेअरीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली. इथे उलट, असलेला स्वल्पविराम पेशंटच्या मुळावर आला होता.

केस पेपरवर खाडाखोड करायची नाही, हा नियम मी मोडत नाही. डॉक्टरांच्या सांगण्यावरही भागणार नव्हतं. उद्या कुणी म्हणेल, क्लेमसाठी वाक्य फिरवलं. म्हणून मुलाला वडिलांच्या कारखान्यातले वार्षिक तपासणीचे रिपोर्ट आणायला पिटाळलं. पॉलिसीच्या आधीचे दोन मिळाले. दोन्हींत बीपी आणि शुगर नॉर्मल. तेव्हा कुठे माझी खात्री पटली.

मग खुलाशाचं पत्र. आरएमओचा मसुदा आला : ‘पेशंट वॉज नॉट हॅविंग हायपरटेन्शन.’ मी कपाळाला हात लावला. “डॉक्टर, ‘नव्हता’ म्हटलं की विचारतील, मग आता आहे का?” शिवाय आजार असणं ही स्थिती, तिथे ‘हॅविंग’ नको, साधा ‘हॅज’ पुरतो. शेवटी लिहिलं : ‘द पेशंट हॅज नो हिस्टरी ऑफ डायबेटिस ऑर हायपरटेन्शन.’ मोठ्या डॉक्टरांची सही, शिक्का, तारीख, सोबत दोन्ही रिपोर्ट.

संध्याकाळी मंजुरी आली. तासाभरात मुलगा पुन्हा डेस्कवर : हातमोजे आणि मास्कचे पैसे का कापले?