वर बसायला किती वेळ?

डोंगरमाथ्यावरच्या मनोऱ्याची वाट माझ्या ओळखीची होती. गेल्या वेळी दुपारी उशिरा निघाले, धापा टाकत माथा गाठला आणि अंधाराच्या धास्तीने पाचच मिनिटांत उतरायला लागले. माथ्याच्या पश्चिमेला, खाली दूरवर नदीचं मोठं वळण आहे. तेव्हा ऊन समोरून येत होतं, त्यामुळे नुसता लखलखाट दिसला. पाणी कुठलं आणि काठ कुठला, काही कळलं नाही. ती रुखरुख मनात होतीच. म्हणून बाबांना घेऊन जायचं ठरलं, तेव्हा मी लगेच चढायला किती वेळ लागेल ते सांगायला लागले. बाबांनी मध्येच विचारलं, "ते राहू दे. वर बसायला किती वेळ मिळेल?"

या एका प्रश्नाने माझं सगळं नियोजन उलटं फिरलं, आणि फार बरं झालं. मोठ्या ट्रेकला अख्खा दिवस हाताशी असतो, तासभर इकडेतिकडे झाला तरी खपून जातो. अर्ध्या दिवसाच्या भटकंतीत मात्र तो तास नेमका मनोऱ्यावरचा जातो. मग आम्ही माथ्यापासून खाली मोजत आलो. नदी पश्चिमेला, म्हणजे सूर्य पाठीशी हवा, म्हणजे सकाळ. अगदी पहाटे दरीत धुकं साचलेलं असतं आणि ऊन चढलं की हवा धुरकट होते. या दोन्हींच्या मधली वेळ म्हणून साडेआठ ठरले.

आता साडेआठला वर पोचायचं तर निघायचं कधी? मी नकाशा पसरला. १:५०,०००चा होता, म्हणजे २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. पट्टी लावली तर पायथा ते मनोरा ५ सेंटिमीटर, अडीच किलोमीटर. बाबा उठले, शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा घेऊन आले, पाण्यात बुडवून निथळला आणि पायवाटेच्या रेघेवर ठेवायला लागले. ओला दोरा कागदाला चिकटतो, हलत नाही. प्रत्येक वळणावर बोटाच्या नखाने दाबत दाबत ते मनोऱ्याच्या खुणेपर्यंत गेले, तिथे दोरा तोडला आणि पट्टीवर सरळ धरला. ८ सेंटिमीटर. वाट चार किलोमीटर भरली!

चढ मोजायला समोच्च रेषा होत्या, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेघा. दोन रेषांमध्ये २० मीटरचा फरक, आणि वाटेने ओलांडलेल्या रेषा २२. म्हणजे चढ ४४० मीटर. वेळेसाठी विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली सांगितलेला नियम मला पाठ आहे: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि वर दर ६०० मीटर चढाला एक तास, म्हणजे १० मीटरला एक मिनिट. चार किलोमीटरची ४८ मिनिटं, चढाची ४४, मिळून ९२. हा हिशेब धडधाकट माणसाचा, न थांबता चालणाऱ्याचा. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी तो दीडपट केला, जवळजवळ दोन तास वीस मिनिटं. थोडा वेळ हाताशी ठेवून सहाला पायथा सोडायचं ठरलं. उतरताना नियमाप्रमाणे वेळ कमी लागतो, पण गुडघे दुखतात ते उतारावरच. म्हणून उतरायलाही चढण्याइतकाच वेळ धरला.

एक गोष्ट हिशेब करतानाच कळली आणि मला फार आवडली. भोवती सपाट मैदान धरलं, तर क्षितिज किती किलोमीटरवर असेल ते काढायला उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ घेऊन त्याला ३.५७ने गुणायचं. नुसत्या ४४० मीटरच्या माथ्यावरून उत्तर येतं सुमारे ७५ किलोमीटर. वर १५ मीटरचा मनोरा धरला तर ७६. एवढ्या पायऱ्यांनी मिळतो जेमतेम एक किलोमीटर! पण माथ्यावर दाट झाडी आहे. जमिनीवर उभं राहिलं तर समोर फक्त खोडं दिसतात. मनोऱ्याचं खरं काम झाडांच्या वर काढायचं.

चढाईबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोंगराच्या सोंडेवरची वाट निवांत होती. नकाशात शेवटच्या टप्प्यात रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या, तिथेच छातीवरचा चढ लागला आणि पायाखाली घसारा, म्हणजे घसरणारी सुटी माती-खडी. बाबा काठी टेकत, दर वळणावर दम खात आले. मी घाई केली नाही, कारण ती मिनिटं आधीच धरलेली होती.

मनोऱ्याखाली आम्ही घामाने भिजलेले कपडे बदलले. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते. खाली वारा पडलेला असला तरी वर तो अंगावर येतो आणि ओल्या कपड्यांत दहा मिनिटंसुद्धा बसवत नाही. पायऱ्या लोखंडी जाळीच्या, पायाखालची जमीन आरपार दिसणाऱ्या. दुसऱ्या टप्प्यावर बाबा थांबले, कठडा घट्ट धरून म्हणाले, "तू पुढे हो, मी येतो." मी पुढे गेले नाही. थोड्या वेळाने त्यांनीच पाय उचलला.

वर पोचलो तेव्हा आठ पस्तीस. नदीचं वळण काठासकट दिसत होतं, अलीकडची वाळू, पलीकडची हिरवी पट्टी, सगळं वेगवेगळं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग खिशातून तो दोरा काढला, नकाशा मांडीवर घेतला आणि खालची सोंड बघत बघत दोरा पुन्हा वाटेवर लावला. "हे बघ, इथे आपण पहिल्यांदा पाणी प्यायलो. आणि हा तो घसारा."

पावणेदहापर्यंत बसलो. दक्षिणेला ढग उंच व्हायला लागले होते, आणि विजांच्या वेळी लोखंडी मनोऱ्यावर थांबायचं नसतं, म्हणून उठलो. खाली आल्यावर बाबांच्या बुटांच्या नाड्या मी घोट्याशी घट्ट आवळल्या, म्हणजे उतारावर बोटं पुढे आपटत नाहीत. बाबा वाकून बघत होते. "पुढच्या वेळी दीड तास धर," म्हणाले.