बुद्धिबळाचा पट: आता प्रत्येक घर नावाने सापडतं

पायथन आणि क्यूटीवर (खिडक्या-बटणं बनवायचं साधन) चाललेल्या बुद्धिबळाच्या ॲपची ही पुढची नोंद. ६४ बटणं ग्रिडमध्ये बसवून पट उभा झाला होताच. आता कोडमधून हवं ते घर थेट नावाने मिळतं आणि बाकीचं काम भराभर पुढे सरकतंय.

क्यूटीच्या डिझायनरमध्ये (खिडकी माउसने मांडायचं साधन) ओढून ठेवलेल्या बटणांना 'पुशबटन_१७' छापाची नावं आपोआप मिळतात. पण १७ म्हणजे नेमकं कुठलं घर, हे थोड्या दिवसांनी कोण सांगणार? म्हणून सगळी बटणं लूपमध्येच बनवली आणि बनवतानाच सेटऑब्जेक्टनेम या मेथडने नावं दिली, ए१ ते एच८. ही नावं खेळातच आहेत, वेगळी शोधावी लागत नाहीत. खेळीच्या नोंदीत ई४ आलं की पटाच्या विजेटवर (खिडकीतल्या घटकावर) फाइंडचाइल्ड, म्हणजे आतला घटक नावाने शोधणारी मेथड, चालवायची: प्रकार क्यूपुशबटन (बटण), नाव 'ई४'. बटण हातात.

खरी मजा 'एन पासाँ'मध्ये आली, म्हणजे एका खेळीत दोन घरं पुढे येऊन शेजारी थांबलेलं प्यादं मारायच्या खास खेळीत. पांढरं प्यादं ई५ वरून डी६ वर जातं, पण मारलं जाणारं काळं प्यादं असतं डी५ वर. त्या घराचं नाव जुळवायला जिथे पोचलो त्या घराचं अक्षर आणि जिथून निघालो त्याचा आकडा घ्यायचा: डी आणि ५. काळ्याच्या खेळीलाही हाच नियम लागतो. ग्रिडच्या रांगा-स्तंभांची आकडेमोड नाही. काळ्याच्या बाजूने बघायला पट उलटा केला तरी बटणं फक्त ग्रिडमधली जागा बदलतात, नावं तीच राहतात. खेळीच्या कोडला हातही लावावा लागला नाही.

शेजारी विश्लेषणाचा दुसरा पट ठेवला तेव्हा मात्र विचार करावा लागला. फाइंडचाइल्ड, वेगळं सांगितलं नाही तर, सगळ्या पातळ्यांवर खाली उतरून शोधतं आणि एकच बटण परत देतं. आता खिडकीत ई४ दोन आहेत, त्यामुळे शोध खिडकीपासून सुरू करून चालत नाही. दोन्ही पटांना 'मुख्यपट' आणि 'विश्लेषणपट' अशी नावं दिली. आधी पट शोधायचा, मग त्याच्या आत घर. रंगरूप ठरवणाऱ्या स्टाइलशीटलाही हेच लागू. खिडकीच्या स्टाइलशीटमध्ये नुसतं '#ई४' लिहिलं तर दोन्ही पटांवरचं घर रंगतं, '#विश्लेषणपट #ई४' लिहिलं की हवं तेवढंच.

आणखी एक. नाव सापडलं नाही तर फाइंडचाइल्ड एरर देत नाही, गुपचूप 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') परत करतं. प्रोग्राम कोसळतो तो पुढे, त्या 'नन'वर एखादी मेथड बोलावली की. नावांमध्ये लहान-मोठ्या अक्षरांचा फरकही धरला जातो, म्हणजे कॅपिटल अक्षराने विचारलं तर घर मिळणारच नाही. म्हणून 'घर' नावाचं छोटं फंक्शन केलंय. ते मिळालेलं नाव स्मॉल अक्षरांत आणतं आणि बटण नसेल तर तिथल्या तिथे, कुठलं नाव सापडलं नाही ते सांगून, थांबतं. माझ्या मते हे फंक्शन पहिल्याच दिवशी लिहावं.

'ऑन_नाव_क्लिक्ड' अशा नावाचे स्लॉट (बटण दाबल्यावर चालणारी फंक्शनं) क्यूटी आपोआप जोडून देतं, पण ६४ घरांना ते नको. एकच स्लॉट पुरतो, कुठलं बटण दाबलं ते सेंडरच्या (दाबलेल्या बटणाच्या) ऑब्जेक्टनेमवरून कळतं.

प्याद्याची बढती अजून बाकी आहे. वजीर, हत्ती, उंट, घोडा या चार बटणांना सोंगट्यांचीच नावं देणार आहे, म्हणजे दाबलेल्या बटणाचं नाव सोंगटी बनवणाऱ्या फंक्शनला जसंच्या तसं देता येईल.