वाईचं छप्पर, झुरिकचं तिकीट

आमच्या घरचा हिशेब तीन चलनांत चालतो. दादा वाईला असतो, त्याचा खर्च रुपयांत. ताई झुरिकला, तिचे फ्रँक. मी जर्मनीत मानहाइमला, माझे युरो. २०२३च्या पावसाळ्यात छपराचे वाशे कुजले, कौलं उतरवावी लागली, आणि त्याच हिवाळ्यात आईला इकडे आणायचं ठरलं. सुताराचे पैसे दादाने दिले, तिकीट ताईने काढलं, व्हिसा आणि प्रवासविमा मी बघितला. खर्च तिघांत सारखा वाटायचा यावर एकमत होतं. प्रश्न एवढाच की फ्रँक आणि युरोचे रुपये कुठल्या दराने करायचे?

प्रत्येकाच्या मोबाइलवर वेगळा आकडा. बँकेचा विक्रीचा दर वेगळा, खरेदीचा वेगळा, कार्डाचा आणखी तिसराच. त्यातला कुठलाही घेतला तरी बँकेची कमाई आमच्यापैकी कुणाच्या तरी खात्यावर जाऊन बसते. म्हणून मी मध्यवर्ती बँकेचा संदर्भ दर, म्हणजे बाजार बघून दिवसातून एकदा जाहीर होणारा दर, सुचवला. या दराने कुणी आपल्याला पैसे बदलून देत नाही, आणि म्हणूनच मला तो भावंडांच्या हिशेबाला योग्य वाटतो. त्यात कुणाचाच नफा नाही.

दादाचं म्हणणं होतं की रुपयांत हिशेब तर दर रिझर्व्ह बँकेचा हवा. मुद्दा बरोबर होता. आपल्याकडे १० जुलै २०१८पासून हे दर रिझर्व्ह बँकेऐवजी एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) ही संस्था काढते. सकाळी साडेअकरा ते दुपारी साडेबारा या तासातली कुठलीही पंधरा मिनिटं निवडायची, त्या वेळात बँकांमध्ये डॉलरचे जे खरे व्यवहार झाले त्यांवरून दर काढायचा, अशी पद्धत. पण तेव्हा त्या तक्त्यात डॉलर, युरो, पौंड आणि येन एवढीच चलनं होती. ताईचा फ्रँक नव्हता.

फ्रँक आणि रुपया दोन्ही एकाच तक्त्यात मिळतात ते युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या. तिथे दुपारी दोन वाजून दहा मिनिटांच्या आसपास मध्यवर्ती बँका आपसांत दर ठरवतात आणि चारच्या सुमाराला ते जाहीर होतात. हिवाळ्यात तेव्हा वाईत रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात. दर माहितीपुरते आहेत, व्यवहारासाठी वापरू नका, असं ती बँक स्वतःच बजावते. सगळे दर एका युरोला किती, असे दिलेले असतात. त्यामुळे फ्रँकवरून रुपयाकडे जायचं तर वाट युरोवरूनच.

ताईचं तिकीट ७०० फ्रँकचं, काढलं ३१ डिसेंबर २०२३ला. तो रविवार. शनिवार-रविवारी दर निघत नाही, म्हणून शुक्रवारचा, २९ तारखेचा घेतला: एका युरोला ०.९२६० फ्रँक आणि ९१.९०४५ रुपये. ७०० भागिले ०.९२६०, गुणिले ९१.९०४५. आले ६९,४७४ रुपये २४ पैसे. दादाने तोंडी हिशेबाला सोपं म्हणून ०.९३ आणि ९२ धरून पाहिलं, तर ६९,२४७ आले. सव्वादोनशे रुपयांचा फरक, आणि त्यात तोटा ताईचा. म्हणून दर जसाच्या तसा घ्यायचा आणि शेवटच्या रकमेचे पैसे तेवढे जुळवायचे, हे तिथेच पक्कं झालं.

हे काटेकोरपण काही मी शोधलेलं नाही. युरो येण्याआधीच १९९७च्या युरोपीय नियमात हेच लिहिलं होतं: जुन्या चलनाचा दर सहा अंकी, तो तोडायचा नाही, उलटा करून वापरायचा नाही, आणि एका जुन्या चलनातून दुसऱ्यात जाताना आधी युरो करायचे. जर्मन मार्कचा दर एका युरोला १.९५५८३ असा ठरला होता. कोट्यवधी लोकांचे पगार, भाडी, कर्जं त्या आकड्यांतून गेली. तिथे शेवटचा अंक सोडून चाललं नसतं, आणि आमच्या घरातही चालू नये असं मला मनापासून वाटतं.

तारीख मात्र खर्चाच्या दिवसाचीच धरायची. यावर मी हटूनच बसले. नाहीतर रुपया घसरला की आम्ही दोघी फायद्यात आणि वर गेला की दादा, मग पैसे कधी पाठवायचे यावरच डोकं चालायला लागतं. दादाने सुताराला ज्या दिवशी पैसे दिले, त्याचा भार त्याने त्या दिवशी उचलला.

प्रत्यक्ष पैसे पाठवताना बँक तिचा दर लावतेच. तो फरक आणि पाठवणीचं शुल्क वेगळ्या ओळीत लिहून आम्ही तिघांत वाटतो. कराचं गणित मात्र यात मिसळायचं नाही. भारतात परदेशी उत्पन्न दाखवायचं तर १९६२च्या आयकर नियमांतला नियम ११५ स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (तारेने आलेलं परकीय चलन बँक ज्या दराने विकत घेते तो) धरायला सांगायचा, संदर्भ दर नव्हे.

ताईने कार्डाच्या बिलावर लागलेलं जास्तीचं शुल्क मागितलं नाही. दादाने तरीही ते विचारून घेतलं आणि वेगळ्या ओळीत लिहिलं.