तुम्ही विचारलंत म्हणून: छोट्या पीसीत कुठलं ग्राफिक कार्ड घालायचं?

"काका, ह्या दोनातलं कुठलं घेऊ?" एवढंच लिहिलेलं असतं आणि खाली कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या कुठल्यातरी दुकानाच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन खोक्यांचा फोटो. एक एनव्हिडियाचं, एक एएमडीचं. महिन्यातनं दोन-तीनदा तरी असा मेसेज येतो, कधी भाच्याचा, कधी ऑफिसातल्या कुणाच्या मुलीचा, कधी तर नंबर पण सेव्ह नसतो, कारण मी घरी लहान पीसी जोडतो हे आता बऱ्याच जणांना कळलंय. पोरगं दुकानात उभं असतं, खिशात पैसे असतात, त्याला लगेच उत्तर पाहिजे असतं. आणि मी उलट विचारतो, केस, म्हणजे पीसीचा बाहेरचा डबा, कुठली घेतलीस? ती मोजलीस का? तिथं बहुतेक वेळा गप्प होतात. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवतो.

मी शिरोली एमआयडीसीत पॅटर्न डिझाइनचं काम करतो. कास्टिंग ओतायच्या आधी वाळूत जो साचा उठवायचा त्याचा नमुना म्हणजे पॅटर्न. आमच्यात मोजल्याशिवाय कुणी कशाला हात लावत नाही, लोखंड थंड होताना आकसतं म्हणून टक्काभर जास्तीचं माप धरूनच पॅटर्न करायचा असतो. आणि एवढं असून २०२३ मध्ये मी स्वतःसाठी एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० टीआय कार्ड घेतलं तेव्हा फक्त लांबी बघितली होती. केसच्या कागदावर ३०० मिलिमीटरपर्यंत कार्ड चालेल लिहिलेलं, कार्ड २८० च्या आत, दुकानदार पण म्हणाला की आरामात बसतंय. घरी आणून बघतो तर लांबीला बसलं, जाडीला नाही. तीन फॅनचं मॉडेल होतं, जाडी ५० मिलिमीटरच्या वर, आणि माझ्या केसमध्ये जागा दोन स्लॉटची. एक स्लॉट म्हणजे २०.३२ मिलिमीटर, दोन म्हणजे चाळीस-एक्केचाळीस, म्हणजे साधारण एक सेंटीमीटर जास्त. खोकं फोडलेलं होतं, दुकानदारानं परत घ्यायला नकार दिला, शेवटी ओळखीतल्या एकाला साडेतीन हजार कमी करून विकलं. ते पैसे गेल्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण ते एका फुटपट्टीनं वाचले असते.

तेव्हापासून मी एक करतो आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला तेच करायला लावतो. कार्ड घ्यायच्या आधी कंपनीच्या साइटवरनं त्या मॉडेलची तिन्ही मापं काढायची, लांबी, उंची, जाडी, आणि थर्माकोलचा त्याच मापाचा ठोकळा कापायचा. आमच्याकडे थर्माकोलचे पॅटर्न करतात तसाच, फिनिश नको, फक्त माप बरोबर पाहिजे. तो ठोकळा केसमध्ये कार्डाच्या जागी घालायचा आणि झाकण लावून बघायचं. लागतंय का, हे तिथल्या तिथं कळतं.

उंची सगळ्यात जास्त फसवते. मदरबोर्डापासून काचेकडं येणारी ती बाजू. कार्डाची उंची समजा १२० मिलिमीटर, पण पॉवरचा आठ पिनचा कनेक्टर त्याच्याही वर लागतो आणि त्यातनं निघालेली वायर सरळ काचेकडं येते, तिला वळायला अजून अडीच-तीन सेंटीमीटर तरी लागतात. बऱ्याच लहान केसमध्ये ही जागा नसते, मग लोक वायर दाबून काच लावतात. दाबलेल्या वायरनं कनेक्टरमधली पिन तिरकी बसते, संपर्क नीट होत नाही, आणि तिथंच तापतं. असं करू नका. ठोकळ्याच्या डोक्यावर वायरची जागा धरून तीन सेंटीमीटरचा तुकडा चिकटवा, ते आमचं आकसणीचं जास्तीचं माप असतं तसंच समजा. पुढच्या बाजूला फॅन किंवा रेडिएटर असेल तर त्याची जाडी लांबीतनं वजा करा, हे पण विसरतात लोक.

आता गरम होण्याचं बघू. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं दुपारी माडीवरच्या खोलीत बसून बघा, पत्र्याखाली असेल तर विचारूच नका. यूट्यूबवर जे टेस्ट करतात ते वीस-बावीस डिग्रीच्या एसी खोलीत, आपली खोली पस्तीसची, म्हणजे कार्डाचं तापमान साधारण तेवढंच वर चढणार. छोट्या केसमध्ये हवा मुळातच कमी खेळते. म्हणून मी कार्डाचे वॅट बघतो, आणि ते बघूनच माझी अर्धी निवड होते. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० हे १४५ वॅटचं, एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं १६० वॅटचं, एनव्हिडियाचंच आरटीएक्स ५०६० टीआय १८० चं, इंटेलचं आर्क बी५८० हे १९० चं. मोठ्या टॉवरमध्ये हा फरक कळत पण नाही, पण डब्याएवढ्या पीसीत वीस-तीस वॅट म्हणजे फॅनचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो की नाही एवढा फरक.

ह्यावर एक सोपा इलाज आहे. आफ्टरबर्नर नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून पॉवर लिमिट ८५ टक्क्यांवर आणायची. गेममध्ये फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) किंचित कमी होतात, डोळ्याला कळत नाहीत, पण माझ्याकडं कार्ड पाच-सहा डिग्रीनं खाली आलं आणि मुख्य म्हणजे यूपीएस ओरडायचा थांबला. यूपीएसचं पण सांगतो, कारण लाइट गेली की सगळ्यांनाच हा त्रास होतो. आपल्या घरात असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. प्रोसेसर, कार्ड, मॉनिटर मिळून गेम चालू असताना तीनशेच्या आसपास सहज जातं, त्यात वळवाच्या पावसात लाइट गेली की यूपीएस दोन मिनिटं पण थांबत नाही, पीसी धाडकन बंद. १००० व्हीएचा घ्या, किंवा कमी वॅटचं कार्ड घ्या. पीएसयू, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, लहान केसमध्ये एसएफएक्स नावाच्या छोट्या साइजचा लागतो, चांगल्या कंपनीचा ६५० वॅटचा घेतला की ह्या सगळ्या कार्डांना पुरतो, त्यावर जास्त डोकं लावायची गरज नाही.

बरं, आता ज्याच्यासाठी विचारलंत ते. हिरवं की लाल, म्हणजे एनव्हिडिया की एएमडी?

आधी कार्डाची स्वतःची मेमरी. माझं मत ठाम आहे, नवीन घेताय आणि चार-पाच वर्षं वापरायचंय तर ८ जीबीचं घेऊ नका. एनव्हिडियानं ५०६० टीआय ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपात काढलं, एप्रिल २०२५ मध्ये, एएमडीनं जूनमध्ये ९०६० एक्सटीचं पण तसंच केलं. दुकानात नाव एकच, खोकं एकसारखं, कोपऱ्यात बारीक आकडा. पोरं नाव वाचतात आणि स्वस्त पडतंय म्हणून ८ चं उचलतात. आजचे मोठे गेम हाय सेटिंगला टाकले की ८ जीबी भरतं, मग उरलेला माल पीसीआयई मधून (कार्ड आणि बोर्ड जोडणारा रस्ता) साध्या रॅममध्ये जायला लागतो आणि चित्र अडखळतं. सरासरी फ्रेम बऱ्या दिसतात पण खेळताना मधेच हिसका बसतो, तो कुठल्या तक्त्यात दिसत नाही, हाताला कळतो. आणि इथं अजून एक गोष्ट आहे जी दुकानदार सांगत नाही. ५०६० आणि ५०६० टीआय ह्यांना पीसीआयईच्या आठच लेन आहेत, ९०६० एक्सटीला सोळा. नवीन मदरबोर्डवर फरक पडत नाही. पण तुमचा बोर्ड जुना असेल, बी४५० वगैरे, तर तो पीसीआयई ३.० चा, आणि त्यावर ८ जीबी आणि आठ लेन असा जोड म्हणजे भरलेली टाकी आणि अर्ध्या इंचाचा पाइप. जुन्या बोर्डावर घालायचं असेल तर मी डोळे झाकून ९०६० एक्सटी १६ जीबी सांगतो.

नुसतं गेमिंग असेल तरी माझं उत्तर तेच आहे. बाजारात आलं तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ३४९ डॉलर होती आणि ५०६० टीआय १६ जीबीची ४२९, आपल्याकडं १८ टक्के जीएसटी आणि बाकीचं धरून अंतर कमी-जास्त होतं, मेमरी महागल्यापासून तर आठवड्याला भाव बदलतात, तरी दोन्हींत बऱ्यापैकी फरक राहतोच. त्या जास्तीच्या पैशात तुम्हाला साध्या गेमिंगमध्ये जे जास्त मिळतं ते थोडंसंच. लहान चित्र मोठं करून फ्रेम वाढवायची सोय दोघांकडं आहे, पूर्वी त्यात एनव्हिडियाच्या डीएलएसएसपुढं एएमडीचं एफएसआर फिकं दिसायचं, ९००० सिरीजपासून आलेल्या एफएसआर ४ नं ते अंतर बरंच कमी केलंय, फक्त सगळ्या गेममध्ये ते नाही हे लक्षात ठेवा. रे ट्रेसिंग (खऱ्यासारखा उजेड आणि सावल्या) भरपूर लावून खेळणार असाल तर मात्र हिरवं पुढं आहे.

कामासाठी घेताय तर गोष्ट वेगळी. माझ्या भाचीला ब्लेंडर शिकायचं होतं, दागिन्यांचं थ्रीडी डिझाइन करायचंय तिला, हुपरीच्या चांदीवाल्यांकडं आता असं काम निघतंय. तिनं लालच घेऊ म्हणून हट्ट धरला होता कारण स्वस्त. मी तिला स्पष्ट नाही म्हटलं. ब्लेंडरमधला सायकल्स, म्हणजे शेवटचं चित्र तयार करणारा भाग, आरटीएक्स कार्डावर एनव्हिडियाच्याच ऑप्टिक्समधून चालतो आणि एएमडीपेक्षा स्पष्ट वेगात पळतो, शिवाय क्युडावर, म्हणजे फक्त एनव्हिडियाकडं असलेल्या सोयीवर, चालणारी कितीतरी सॉफ्टवेअर आहेत. तिच्यासाठी ५०६० टीआय १६ जीबी, दोन फॅनचं, तेच घेतलं. ऑटोकॅडवाल्यांनी मात्र एवढा खर्च करू नये, टू-डी ड्रॉइंगला ह्यातलं काहीच लागत नाही. सॉलिडवर्क्सवाल्यांना एवढंच सांगतो की त्यांच्या यादीत मान्य असलेली कार्डं ही प्रोफेशनल सिरीजची असतात, गेमिंगची नाही, चालतं सगळं पण अडलं तर तक्रार करायला जागा नाही.

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे पण खूप विचारतात, सीझनमध्ये रात्र-रात्र बसतात बिचारे. त्यांना मी विचारतो की कॅमेरा ४:२:२ टेन बिटमध्ये (रंगाची जास्त माहिती साठवणारा प्रकार) शूट करतोय का, कारण हल्लीचे बरेच कॅमेरे करतात आणि तो फुटेज टाइमलाइनवर अडकतो. ५० सिरीजच्या एनव्हिडिया कार्डात ते फुटेज हार्डवेअरवर उघडायची सोय आली, ४० सिरीजमध्ये नव्हती. पण ज्यांच्याकडं इंटेलचा अकराव्या पिढीपासूनचा ग्राफिक्सवाला प्रोसेसर आहे त्यांना एचईव्हीसी (एच.२६५) व्हिडिओसाठी ती सोय आधीपासूनच आहे, त्यांनी फक्त सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये चालू आहे का बघावं, नवीन कार्ड घ्यायची घाई करू नये. असं सांगितल्यावर एकाचे पैसे वाचले, त्यानं मला फडतरेंची मिसळ खाऊ घातली.

इंटेलचं बी५८० मला आवडतं, १२ जीबी मेमरी, किंमत कमी. पण ते नवीन प्रोसेसरवरच घाला, बोर्डाच्या सेटिंगमधलं रीसाइजेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू पाहिजे नाहीतर त्याचा दम निघतो, आणि जुन्या प्रोसेसरवर ते मागं पडतं. त्यात १९० वॅट. लहान केससाठी मी सहसा सुचवत नाही.

एक शेवटचं, ज्यांची केस सँडविच पद्धतीची आहे, म्हणजे कार्ड बोर्डाच्या पाठीमागं आणि मधे दोन्ही जोडणारी रायझर केबल, त्यांच्यासाठी. बी५८० सोडलं तर ही नवीन सगळी कार्डं पीसीआयई ५.० ची आणि केसबरोबर आलेली केबल बऱ्याचदा ४.० ची किंवा ३.० ची. सगळं जोडलं, बटण दाबलं, फॅन फिरतात आणि स्क्रीन काळी. कार्ड खराब नसतं. बायॉसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जाऊन स्लॉटचा वेग केबलच्या पिढीवर बांधायचा, जेन ४ (४.०) किंवा जेन ३ (३.०). आता स्क्रीनच येत नसेल तर बायॉसमध्ये जाणार कसं, म्हणून हे सेटिंग कार्ड लावायच्या आधी, मॉनिटर बोर्डाला जोडून करून घ्या. त्यासाठी प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स लागतं, रायझन ७६०० मध्ये आहे, ५६०० मध्ये नाही. ५६०० वाल्यांनी केस सांधायच्या आधी कार्ड सरळ बोर्डात खोचून हे उरकायचं. भाचीच्या पीसीला आम्ही हेच केलं नव्हतं, रविवारी रात्री साडेअकराला ती रडकुंडीला आलेली, कार्डच गेलं म्हणून. केबल काढली, कार्ड सरळ लावलं, जेन ४ केलं, परत केबल लावली. चालू.

तर पुढच्या वेळी दुकानातनं फोटो पाठवाल तेव्हा खोक्यांचा नको. केस उघडून, आत थर्माकोलचा ठोकळा ठेवून, झाकण लावून पाठवा. खाली बोर्डाचं नाव, पीएसयूचे वॅट आणि पीसीवर काय करणार ते लिहा. मी त्याच दिवशी उत्तर देतो.