मुलगे विरुद्ध मुली : प्रश्नमंजुषेच्या तीन बैठकींची नोंद

सांगलीच्या गावभागातील एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत, एक रविवार आड सकाळी साडेनऊ वाजता, सातवी ते नववीच्या मुलामुलींसाठी मी सामान्यज्ञानाची प्रश्नमंजुषा घेते. संघ दोन, प्रत्येकी पाच जणांचे. एकीकडे मुलगे आणि दुसरीकडे मुली. ही विभागणी मुलांनीच मागितली होती. मिश्र संघ करावेत अशी सूचना या छंदातील काही स्नेह्यांनी केली आणि मी ती मुलांपुढे मांडलीही. परंतु ती सर्वांत आधी मुलींनीच नाकारली. पहिल्या तिन्ही बैठकी त्या हरल्या होत्या आणि त्यांना मुलग्यांनाच हरवायचे होते. पुढील नोंद चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या बैठकीची आहे. प्रश्न काढणाऱ्यांना आणि सूत्रसंचालन करणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा म्हणून माझ्याकडून झालेल्या चुकाही तिच्यात लिहिल्या आहेत.

चौथी बैठक

या बैठकीला नवा बझर प्रथमच वापरला. यापूर्वी आमच्याकडे दोन साध्या घंटा होत्या आणि आधी कोणती वाजली यावरून वारंवार वाद होत असे. वाचनालयाचे एक सभासद वायरिंगची कामे करतात. त्यांनी दोन रिले (विजेने चालणारे स्विच) वापरून एक लहानशी पेटी तयार करून दिली. एका संघाने बटण दाबले की त्या संघाचा दिवा लागून राहतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या रिलेकडे जाणारा वीजपुरवठा तुटतो, त्यामुळे माझ्याकडील खटका दाबेपर्यंत दुसरा दिवा लागूच शकत नाही. वाद संपले. निकाल मात्र तोच राहिला : बझर फेरीतील बारा प्रश्नांपैकी नऊ वेळा मुलग्यांचा दिवा आधी लागला आणि बैठक त्यांनी मोठ्या फरकाने जिंकली.

बैठक संपल्यावर बाकांवर राहिलेले कच्चे कागद गोळा करताना मला जे दिसले, त्यामुळे पुढच्या दोन बैठकींचे स्वरूप बदलले. मुलग्यांनी आधी दाबलेल्या त्या नऊ प्रश्नांपैकी सात प्रश्नांची अचूक उत्तरे मुलींच्या कागदांवर लिहिलेली होती. त्यांना उत्तरे येत होती. त्या बटण दाबत नव्हत्या. मी जुन्या गुणपत्रिका काढून पाहिल्या, तेव्हा त्याचे एक कारण सापडले. पहिल्या बैठकीत मुलींनी सुरुवातीलाच दोनदा घाईने बझर दाबून चुकीची उत्तरे दिली होती आणि प्रत्येकी पाच याप्रमाणे दहा उणे गुण घेतले होते. तेव्हापासून पाचही जणींचे एकमत झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही असा नियम त्यांनी स्वतःसाठी घालून घेतला होता. दुसरे कारण माझ्या मांडणीत होते. मुली एका लांब बाकावर ओळीने बसत असल्यामुळे एका टोकाचे उत्तर दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत वेळ जात असे, तर मुलगे टेबलाच्या तीन बाजूंनी, बटणाभोवती बसत. चार बैठकी मी ज्याला ज्ञानातील फरक समजत होते, त्यातील बराचसा भाग बाकाचा होता.

याच बैठकीतील एक प्रश्न वहीतून काढून टाकला आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी किती फूट, असे मी विचारले आणि प्रश्न पूर्ण होण्याआधीच प्रेक्षकांतील लहान मुलांसह सगळी खोली ‘पंचेचाळीस’ म्हणून ओरडली. ज्या गावात पावसाळ्यात घरोघरी चाळीस फुटांची इशारा पातळी आणि पंचेचाळीस फुटांची धोका पातळी यांचीच चर्चा असते, तेथे हा प्रश्न स्पर्धेच्या कामाचा नाही.

पाचवी बैठक

या वेळी बझर पेटीतच ठेवला आणि दोन्ही संघांना पाटी व खडू दिला. प्रश्न विचारल्यानंतर वीस सेकंदांत उत्तर लिहायचे आणि मी ‘पाटी वर’ म्हटल्यावर दोन्ही संघांनी एकाच वेळी पाटी उचलायची. उणे गुण रद्द केले आणि मुलींनाही टेबलाभोवती बसविले. दोन्ही संघांची उत्तरे समोर येत असल्याने कोणाला काय ठाऊक आहे हे सूत्रसंचालकाला प्रत्येक प्रश्नाला कळते, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे. बझर फेरीत हरलेल्या संघाचे ज्ञान कधी दिसतच नाही.

माझी चूक उघड झाली तीही पाटीमुळेच. ‘ऑलिम्पिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारा खेळाडू कोण?’ असा प्रश्न मी विचारला. मुलग्यांच्या पाटीवर खाशाबा जाधव हे नाव होते आणि मुलींच्या पाटीवर नॉर्मन प्रिचर्ड. माझ्या वहीत उत्तर खाशाबांचे होते, म्हणून मी मुलींचे उत्तर चूक ठरविले, तेव्हा आठवीतील एक मुलगी उभी राहून शांतपणे म्हणाली, ‘काकू, १९०० साली पॅरिसला प्रिचर्ड यांनी दोन रौप्यपदके मिळवली आणि ती भारताच्याच नावावर आहेत.’ तिचे म्हणणे बरोबर होते. २०० मीटर धावणे आणि २०० मीटर अडथळ्यांची शर्यत या दोन प्रकारांत कोलकात्यात जन्मलेल्या प्रिचर्ड यांना ती पदके मिळाली आणि आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समिती ती भारताच्या खात्यावर धरते. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबांनी १९५२ साली हेलसिंकी येथे फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक आहे. ‘स्वतंत्र’ हा एक शब्द मी गाळला होता आणि त्या एका शब्दाने उत्तर बदलते. प्रश्न जसा विचारला गेला त्याप्रमाणे मुलींचे उत्तर अचूक होते आणि मुलग्यांचे नव्हते. परंतु चूक प्रश्नातच असल्यामुळे मी तो रद्द न करता दोघांनाही पूर्ण गुण दिले. हा निर्णय योग्य होता की नाही यावर अनुभवी सूत्रसंचालकांचे मत मला हवे आहे, कारण मुलींच्या कर्णधाराला तो आजही मान्य नाही आणि तिच्या युक्तिवादात मला तथ्य वाटते.

त्या रात्री मी ‘पहिला’, ‘पहिली’, ‘पहिले’ हे शब्द असलेले सगळे प्रश्न वहीतून वेगळे काढले. ‘मराठीतील पहिले नाटक कोणते’ हा प्रश्न त्यांतच सापडला. उत्तर म्हणून विष्णुदास भावे यांचे ‘सीता स्वयंवर’ लिहिलेले होते. पण तंजावरच्या भोसले राजांनी त्यापूर्वीच मराठीत नाटके लिहिली होती, हे ठाऊक असलेला विद्यार्थी समोर आला असता तर माझ्याजवळ उत्तर नव्हते. आता तो प्रश्न असा आहे : ‘५ नोव्हेंबर हा दिवस मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो, १८४३ साली सांगलीत चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयाने झालेल्या कोणत्या नाट्यप्रयोगाची ही आठवण आहे?’ प्रश्न लांबला आहे, पण आता त्याला एकच उत्तर आहे.

दुसरी सुधारणा विषयांच्या निवडीत केली. आरंभीच्या बैठकींत समतोल साधण्यासाठी म्हणून मी खेळांचे प्रश्न जितके, तितकेच साहित्य-संगीताचे घालत असे. मुलगे पहिले घेतील आणि मुली दुसरे, अशी माझी धारणा होती. ती या बैठकीत दोन प्रश्नांनी मोडली. दोन्ही प्रश्न पायरीपायरीने उलगडणारे होते : पहिल्या खुणेवर वीस गुण, दुसरीवर पंधरा, तिसरीवर दहा, चौथीवर पाच, आणि प्रत्येक संघाला पाटी एकदाच उचलण्याची मुभा. पहिल्या प्रश्नाच्या खुणा अशा होत्या : १९४८ च्या जानेवारीत ॲडलेड कसोटीच्या दोन्ही डावांत शतके, १९५२ साली मद्रासला इंग्लंडविरुद्ध भारताने मिळविलेल्या पहिल्या कसोटी विजयात कर्णधारपद, देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धेला दिलेले नाव, आणि शेवटी, जन्म सांगलीचा. मुलींनी दुसऱ्या खुणेवरच पाटी उचलली आणि तिच्यावर विजय हजारे हे नाव होते. मुलगे तिसऱ्या खुणेपर्यंत थांबले. दुसऱ्या प्रश्नाची पहिली खूण सवाई गंधर्वांचे गुरू ही होती, दुसरी किराणा घराणे, तिसरी मिरजेतील वास्तव्य, आणि चौथी, मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणारी संगीतसभा. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत आजोळ असलेल्या एका मुलाने पहिल्याच खुणेला अब्दुल करीम खाँ हे नाव लिहून वीस गुण घेतले. त्यानंतर मी कोणता प्रश्न कोणासाठी हा हिशेब सोडून दिला आहे आणि प्रश्न चांगला आहे की नाही एवढेच पाहते.

मुलींनी ही बैठक पंधरा गुणांनी जिंकली.

सहावी बैठक

पाऊस जोराचा होता, त्यामुळे प्रत्येक संघात चौघेच आले. पद्धत पाटीचीच ठेवली. सर्वांत जमून आलेला प्रश्न नदीचा होता. ‘कृष्णा नदी कोठे उगम पावते’ हा प्रश्न सांगली-साताऱ्यात विचारण्यात अर्थ नाही, पण त्याच उगमातून एक चांगला प्रश्न निघतो : ‘जुन्या महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिराशी ज्या पाच नद्यांचा उगम जोडला जातो, त्यांपैकी एक पूर्वेकडे न वळता पश्चिमेला उतरते आणि बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते, तिचे नाव वटपौर्णिमेच्या कथेत आहे.’ पाचही नद्या पाठ नसल्या तरी कथेवरून उत्तरापर्यंत पोहोचता येते, आणि ज्याला भूगोल येतो त्याला कथेची गरज पडत नाही. दोन्ही पाट्यांवर ‘सावित्री’ आले. एका संघाने महाडचा विचार करून ते काढले होते आणि दुसऱ्याने वडाचा. असे दोन वाटांनी सुटणारे प्रश्न काढायला मला सर्वाधिक वेळ लागतो आणि त्यांत सर्वाधिक आनंदही मिळतो.

शेवटी दोन्ही संघांचे १४५ गुण झाले. बरोबरी सोडविण्यासाठी आकड्याचा प्रश्न ठेवला होता : सांगलीतील ‘सीता स्वयंवर’च्या प्रयोगापासून दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित होईपर्यंत किती वर्षे गेली? अचूक उत्तराच्या जवळचा आकडा लिहिणारा संघ विजयी ठरणार होता. १८४३ ते १९१३, म्हणजे उत्तर ७०. मुलग्यांनी ७५ लिहिले आणि मुलींनी ६५. दोघेही बरोबर पाचांनी दूर राहिले आणि माझ्याकडे दुसरा प्रश्न तयार नव्हता, म्हणून बैठक बरोबरीत सोडावी लागली. मुलांनी ती आनंदाने स्वीकारली, तरी हा प्रसंग मला टाळता आला असता. अंदाज करणारे शून्यावर किंवा पाचावर संपणारा आकडा लिहितात. उत्तरही तसेच गोल असेल तर दोन्ही बाजूंना सारखे अंतर पडण्याची शक्यता वाढते. यापुढे असे तीन प्रश्न तयार ठेवीन आणि त्यांची उत्तरे शून्य किंवा पाचावर संपणार नाहीत हे पाहीन. मी स्वतः वापरणार नसल्याने दोन उदाहरणे येथे देते : काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना (१९१९) ते महाराष्ट्र राज्याची स्थापना (१९६०), उत्तर ४१, आणि खाशाबांचे पदक (१९५२) ते सिडनी येथे कर्णम मल्लेश्वरी यांनी मिळविलेले, भारतीय महिलेचे पहिले ऑलिम्पिक पदक (२०००), उत्तर ४८.

सातव्या बैठकीची तयारी सुरू केली आहे. पाटी दोन्ही संघांना आवडली असल्याने ती दोन फेऱ्यांना राहील. सहावी बैठक संपल्यावर मुली जिन्यापर्यंत जाऊन परत आल्या आणि पुढच्या वेळी बझर फेरी हवी, तीही उणे गुणांसह, असे त्यांनी सांगितले. मी होकार दिला आहे. लांब बाक खाली वाचनकक्षात नेऊन ठेवला असून त्या जागी दोन सारखी चौकोनी टेबले मांडली आहेत, आणि दोन्ही बटणांच्या वायरी मोजून सारख्या लांबीच्या करून घेतल्या आहेत.